गावाहून पुण्याला लेकराकडे मोटरसायकलने: पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी

पोरगा किंवा पोरगी पुण्याला नोकरीला लागली की वऱ्हाडातल्या आईबापाच्या मनात एकदा तरी येतं, आपली गाडी आहेच, तर जाऊन येऊ. रेल्वेचं आरक्षण मिळत नाही, ट्रॅव्हल्सची रात्रभराची बस कंबर मोडते. मग घरची १०० किंवा १२५ सीसीची गाडी नजरेसमोर येते. हा प्रवास होण्यासारखा आहे. फक्त गाडी किती चांगली आहे यापेक्षा गाडीवर ओझं किती आणि रस्त्यावर उजेड किती, यावर तो जास्त ठरतो. खाली जे सांगितलं आहे त्यातलं बरंचसं याच दोन गोष्टींभोवती फिरतं.

उदाहरण म्हणून कारंजा (लाड) ते पुणे धरलं आहे. यवतमाळहून निघणाऱ्याने दारव्हामार्गे कारंज्यापर्यंतचे सुमारे ७५ किलोमीटर जोडावेत. अकोल्याकडच्यांना बाळापूर, खामगाव, चिखली, देऊळगाव राजा, जालना असा रस्ता सोयीचा. चंद्रपूर-गडचिरोलीकडून येणाऱ्यांनी तीन दिवसांचा बेत करावा, दोन दिवसांत बसवायला जाऊ नये.

आधी अंतर आणि वेळ

कारंजा, शेलूबाजार, मालेगाव, मेहकर, सुलतानपूर, सिंदखेडराजा, जालना, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, शिरूर, शिक्रापूर, वाघोली, पुणे असा हा जुना राबता रस्ता आहे. ढोबळ हिशोब असा: कारंजा ते मेहकर १०५ किलोमीटर, मेहकर ते जालना ९०, जालना ते संभाजीनगर ६०, संभाजीनगर ते अहिल्यानगर ११५, अहिल्यानगर ते पुणे १२०. एकूण ४९० च्या आसपास.

नवखा माणूस इथे चुकतो. गाडी ५५ ने चालते म्हणून ४९० ला ५५ ने भागतो आणि नऊ तासांत पोहोचू म्हणतो. चहा, पेट्रोल, लघवी, गावातलं गतिरोधक, ट्रॅक्टरमागे अडकणं, सगळं धरून १०० सीसीच्या गाडीची सरासरी तासाला ३५ ते ४० किलोमीटरच पडते. म्हणजे बारा ते चौदा तास. हिवाळ्यात उजेड असतो साधारण अकरा तास. एका दिवसात जायचं ठरवलं की शेवटचे पन्नास ते शंभर किलोमीटर अंधारात येणार. आणि तेच नेमके या रस्त्यावरचे सगळ्यात जास्त गर्दीचे, शिरूर ते वाघोलीचे.

म्हणून मुक्काम धरून दोन दिवस. पहिल्या दिवशी संभाजीनगर, म्हणजे २५५ किलोमीटर. यवतमाळकरांनी जालन्यालाच थांबावं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला संभाजीनगर सोडलं की दुपारी एक-दोनपर्यंत वाघोली येते, संध्याकाळची कंपन्या सुटायची गर्दी लागायच्या आत. रांजणगाव एमआयडीसीची पाळी सुटते तेव्हा तिथल्या रस्त्यावर दुचाकीवाल्याला जागाच उरत नाही.

पोराला पोहोचायची वेळ सांगू नका. मुक्कामाचं गाव सांगा. वेळ सांगितली की तिकडे स्वयंपाक होऊन बसतो, फोनवर फोन येतात आणि माणूस शेवटच्या टप्प्यात गाडी पळवायला लागतो.

समृद्धी महामार्ग तुमच्यासाठी नाही

नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर दुचाकी आणि तीनचाकीला बंदी आहे. मेहकर, जालना या पट्ट्यात तुमचा रस्ता त्याच्या अगदी जवळून जातो, चढायच्या जागेचे मोठे निळे फलक दिसतात आणि मोबाइलचा नकाशाही तिकडेच ओढतो. नकाशात प्रवासाचं साधन म्हणून चारचाकीऐवजी दुचाकी निवडा, म्हणजे तो जुन्या रस्त्याने नेईल. घरी वायफाय असेल तेव्हा कारंजा ते पुणे हा पट्टा ऑफलाइन उतरवून ठेवा. मेहकर-सिंदखेडराजाच्या दरम्यान रेंज मधूनच जाते. जुन्या रस्त्याच्या टोलनाक्यावर मोटरसायकलला टोल नाही, बाजूच्या अरुंद पट्टीतून निघायचं.

कधी जावं

दिवाळी आटोपल्यावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऊन चढतं, एप्रिल-मेमध्ये विदर्भात पारा ४४-४५ ला जातो आणि हेल्मेटच्या आत डोकं शिजतं. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पट्ट्यात ट्रॅक्टर शेतातून बाहेर पडले की रस्त्यावर चिखलाचा थर बसतो. त्यावर टायर फिरतो, गाडी मात्र सरळ जात नाही.

हिवाळ्याचीही स्वतःची भानगड आहे. ऑक्टोबरात सोयाबीन आणि डिसेंबर-जानेवारीत तूर, काही ठिकाणी लोक कडेला किंवा चक्क रस्त्यावर पसरून ठेवतात. सोयाबीनच्या दाण्यांवर ब्रेक दाबला की गाडी गोट्यांवर ठेवल्यासारखी सरकते. कुटारावरून (मळणीनंतर उरलेल्या भुशा-काड्यांवरून) गेलात तर काड्या मागच्या चाकात, चेनमध्ये गुंडाळतात आणि तापलेल्या सायलेन्सरला चिकटून पेटूही शकतात. असं ढिगारं दिसलं की आधीच वेग तोडा, ब्रेक न लावता सरळ पार व्हा, पुढे थांबून खाली वाकून बघा.

अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्यात याच महिन्यांत उसाचा गळीत हंगाम असतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्याही ऊस बाहेर लोंबणाऱ्या आणि मागे लाल दिवा नसलेल्या. विदर्भात कपाशीच्या गाड्या आपण बघतो, पण उसाची जोडट्रॉली लांबीला फार असते. ओलांडताना पुढची जागा दुप्पट धरा.

मिस्त्रीकडे दहा दिवस आधी

निघायच्या आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करू नका. मिस्त्रीकडून काही ढिलं राहिलं तर ते पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये उघडं पडतं, आणि ते शंभर किलोमीटर घराजवळच पडलेले बरे. आठ-दहा दिवस आधी काम करून घ्या. मग दोघं बसून, सामान लावून, तालुक्याला किंवा जिल्ह्याला जाऊन या. ८०-१०० किलोमीटरची ही फेरी टाळू नये. पाठ कुठे दुखते, पिशवी कुठे घासते, क्लच कुठे पकडतो, सगळं तिथेच कळतं.

मिस्त्रीला 'सगळं बघून घे' एवढंच सांगितलं की तो ऑइल बदलतो, धुतो आणि पैसे घेतो. नावं घेऊन सांगा.

इंजिन ऑइल बदला. स्प्लेंडर, शाइन या वर्गाला १०डब्ल्यू-३० लागतं, एक लिटरचा डबा पुरतो. जुनी गाडी ऑइल खात असेल तर वाटेतही पातळी बघावी लागेल. गाडी मेन स्टँडवर सपाट जागी लावा, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, तेवढाच वेळ थांबा. ऑइलची पातळी बघायची काडी पुसून आत टेकवा, आट्यात पिळू नका. पिळली तर पातळी खरीपेक्षा जास्त दिसते. ऑइल कमी असताना दोन माणसं घेऊन तासन्‌तास पळवलेली गाडी पिस्टन धरते, आणि मग ती वाटेत दुरुस्त होत नाही.

चेन-स्पॉकेट: मागच्या स्पॉकेटचे दात एका बाजूला कलून टोकदार झाले असतील तर पूर्ण सेट बदला, नुसती चेन बदलून ती लवकर खराब होते. चेनचा झोल मधोमध बोटाने वरखाली केल्यावर साधारण २५ ते ३० मिलिमीटर असावा. फार ताणली तर सामान लादल्यावर आणखी ताणते, बेअरिंग जातं. चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आकड्यावर आहेत ना ते बघा, नाहीतर चाक वाकडं बसतं. चेनलॉकच्या (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीच्या) क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला हवं. उलटी लावलेली क्लिप कशाला तरी घासून निघते आणि चेन रस्त्यावर पडते. मिस्त्री घाईत हे चुकतात, स्वतः बघा.

ब्रेक लायनर: मागच्या ड्रमवर झिजेची खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण त्या खुणेला टेकत असेल तर लायनर संपलं. मागच्या ब्रेकच्या सळईचा नट फिरवून फिरवून शेवटच्या आट्यावर आला असेल तरी तेच समजा.

कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग): मेन स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मधोमध अडखळलं तर कोनसेट गेला. रिकाम्या गाडीवर हे जाणवत नाही, सामान लादलं की ५० च्या वेगाला हँडल थरथरायला लागतं.

टायर: घळींमधली झिजेची उंचवटी टायरच्या पृष्ठभागाला आली असेल तर नवा टाका. टायर बदलताना ट्यूबही नवीन घ्या, जुनी ट्यूब नव्या टायरात घडी पडून चिमटते. हवेचा दाब मॉडेलप्रमाणे वेगळा असतो. चेनकव्हरवर किंवा माहितीपुस्तिकेत तो एकट्यासाठी आणि मागे माणूस असताना असा दोन्ही दिलेला असतो. पुढे साधारण २५ पीएसआय, मागे दोघं असताना त्याहून बराच जास्त. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. गावातले लोक मागच्या चाकात अंदाजाने हवा भरतात, आणि कमी हवेवर दोन माणसं बसली की टायरची बाजू सतत दुमडून तापते. दुपारी डांबरी रस्त्यावर टायर फुटण्याचं हे नेहमीचं कारण.

याशिवाय क्लच वायर, एक्सिलेटर वायर, प्लग, एअर फिल्टर, टॅपिड, हॉर्न, ब्रेकचा दिवा. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीचा पेट्रोलचा रबरी पाइप कडक झालेला असतो, तोही बदलून घ्या, चार पैशांचं काम. २०२० नंतरच्या बहुतेक बीएस-६ गाड्यांना कार्बोरेटर नाही, पेट्रोल पंपाने इंजेक्टरकडे जातं आणि त्याला बॅटरी लागते. बॅटरी पार मेली तर किक मारूनही गाडी सुरू होत नाही. म्हणून बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर आधीच तपासून घ्या. या गाड्यांना रिझर्व्हचा कॉकही बहुधा नसतो, टाकी कोरडी होऊ देऊ नका.

सोबत घ्यायचे सुटे भाग मोजकेच: एक प्लग आणि प्लगपाना, क्लच वायर, चेनलॉक, हेडलाइटचा बल्ब, फ्यूज, पुढच्या-मागच्या मापाची एकेक ट्यूब (ट्यूबलेस असेल तर पंक्चरचं किट आणि छोटा पंप), पकड, स्क्रू ड्रायव्हर, इन्सुलेशन टेप, थोडी बांधायची तार, चेनला लावायचं ९० नंबरचं गिअर ऑइल १०० मिली. नवी क्लच वायर पिशवीत ठेवण्यापेक्षा मिस्त्रीकडून जुन्या वायरीच्या बाजूनेच टाकून टेपने बांधून घ्या. तुटली की फक्त दोन टोकं जोडायची, दहा मिनिटांत गाडी चालू.

ओझं

विदर्भातला आईबाप रिकाम्या हाताने लेकराकडे जात नाही, आणि प्रवासात खरी गडबड इथूनच सुरू होते. तूरडाळ, ज्वारीचं पीठ, तिखट, जवसाची चटणी, कुरडया, शेवया, लोणचं, तूप, फल्लीदाणे, सीझन असेल तर संत्री. बेरीज केली तर तीस किलो सहज.

आता गाडीचा हिशोब. १०० सीसीच्या गाड्यांची माणसं-सामान मिळून वाहायची मर्यादा १३० किलोच्या आसपास असते, माहितीपुस्तिकेत दिलेली असते. चालवणारा ६५, मागे बसणारी ५५, झाले १२०. उरले १० किलो. त्यात कपडे, पाणी, हत्यारं आली. म्हणजे डाळ-पिठाला जागाच नाही.

डाळ, पीठ, दाणे, कुरडया आधीच पार्सलने पाठवा. एसटीचं पार्सल, ट्रॅव्हल्सचं पार्सल, पोस्ट, जे तुमच्या गावाहून सोयीचं असेल ते. तुम्ही निघायच्या दोन-तीन दिवस आधी पाठवलं तर सामान तुमच्या आधी घरात पोहोचतं. आईला हे पटवणं अवघड जातं, पण मागच्या चाकाच्या पलीकडे वीस किलोचं पोतं बांधलेली गाडी पुढून हलकी होते. पुढचा टायर रस्ता नीट धरत नाही, वळणावर गाडी बाहेर ओढते आणि ब्रेक उशिरा लागतो.

जे गाडीवर न्यायचंच आहे ते असं लावा. जड वस्तू खाली आणि मध्ये, दोन बाजूंच्या पिशव्यांत सारखी वाटून. हात लावून अंदाज घेऊ नका, घरच्या काट्यावर तोला. हँडलला काहीही टांगू नका, लेगगार्डला पाण्याची बाटलीसुद्धा नको. सायलेन्सरच्या बाजूची पिशवी प्लास्टिकची असेल तर वितळते, तिकडे जाड कॅनव्हास हवा आणि खालून किमान चार बोटं अंतर.

तूप काचेच्या बरणीत न्यायचं नाही. स्टीलच्या डब्यात झाकणाखाली दुहेरी पॉलिथिन, वरून टेप, डबा उभाच राहील असा. दुपारी तूप पातळ होतं आणि गाडीच्या थरथराटाने आट्यांतून झिरपतं. लोणच्याचंही तसंच, शिवाय ताजं लोणचं फसफसतं, म्हणून डबा काठोकाठ भरू नका. पीठ कापडी पिशवीत ठेवलं तर शेवटी सगळ्या कपड्यांवर पांढरी भुकटी बसते, आत प्लास्टिकची पिशवी पाहिजेच.

बांधायला सुतळी नको, ती सैल पडते. जुन्या ट्यूबच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापा, त्या ताण धरून ठेवतात आणि घसरत नाहीत. एकही मोकळं टोक खाली लोंबायला नको. निघाल्यावर पहिल्या वीस किलोमीटरला थांबून पट्ट्या पुन्हा ओढा, सामान तोवर बसलेलं असतं.

दोघं आणि सामान असलं की गाडीची शेपूट दबते आणि हेडलाइटचा झोत वर जातो. समोरचा डोळे मिचकावतो, तुम्हाला रस्ता दिसत नाही. मागच्या शॉकअपची कडी एक-दोन घरं वर चढवा, दोन्ही बाजूंची सारखीच, आणि दिव्याचा कोन खाली घ्या.

कागद

लायसन्सची मुदत बघा. पंचावन्न वर्षांनंतर नूतनीकरण एका वेळी ५ वर्षांचंच मिळतं, आणि चाळिशीनंतर डॉक्टरचं फॉर्म १-अ प्रमाणपत्र लागतं. अनेकांचं लायसन्स कधी संपलं हे त्यांना पोलिसाने थांबवल्यावरच कळतं. मुदत संपायच्या आधी एक वर्षापासून अर्ज करता येतो. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, पंधरा वर्षांची असते. गावात वीस वर्षांच्या गाड्या चालतात, पण त्यांच्या आरसीचं नूतनीकरण झालेलं असावं. विमा नसेल तर पहिल्यांदा दंड २,००० रुपये, आणि अपघातात दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते सगळं अंगावर. पीयूसी बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांना वर्षभर चालतं. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवलेली हवी. सगळे कागद डिजिलॉकरमध्ये टाकले तर ते ग्राह्य धरतात, पण मोबाइल बंद पडू शकतो, झेरॉक्सचा एक संच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. जुनी ई-चलनं थकली असतील तर आधी भरून टाका.

हेल्मेट दोघांना, आयएसआय खुणेचं, हनुवटीचा पट्टा लावलेलं. दुपट्टा बांधून त्यावर हेल्मेट घालू नका, ते घट्ट बसत नाही. आधी पातळ सुती रुमाल, वर हेल्मेट. मागे बसणारीने पदर-ओढणी कमरेला खोचून वरून जर्किन घालावं. ओढणी मागच्या चाकात जाण्याचे अपघात दरवर्षी होतात, आणि ते गळ्यापाशी होतात. दोन्हीकडे पाय टाकून बसणंच बरं. एका बाजूला बसून अडीचशे किलोमीटर जाणाऱ्या बाईच्या कंबरेचे हाल होतात आणि गाडीही एकीकडे कलते. दोन दिवसांसाठी सलवार-कमीज घालायला काय हरकत आहे?

रस्त्यावर

पहिल्या दिवशी उजाडल्यावरच निघा. वऱ्हाडात पहाटे रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर रस्ता ओलांडतात. रोही एक दिसला की मागे आणखी असतात, पहिला गेला म्हणून लगेच रेस देऊ नका. डिसेंबरात सकाळी गारठा असतो. छातीवर शर्टाच्या आत वर्तमानपत्राचे चार पदर घाला, हातमोजे घाला. बोटं बधिर झाली की ब्रेक उशिरा दाबला जातो.

जाताना पश्चिमेकडे जायचं आहे, म्हणजे सकाळी सूर्य पाठीशी. मागून येणाऱ्याच्याही तोंडावर तो नसतो, तुम्ही त्याला नीट दिसता. दुपारी तीननंतर ऊन थेट डोळ्यांत येतं, म्हणूनही दुपारी लवकर थांबलेलं बरं. येताना उलटं: सकाळचा सूर्य तोंडावर, आणि समोरून येणाऱ्याला तुम्ही दिसता पण तुम्हाला तो दिसत नाही. परतीला आठच्या आधी निघू नका.

वेग ५० ते ५५. दर ६०-७० किलोमीटरला थांबा, दहा मिनिटं उभं राहून चाला, पाणी प्या. लघवी लागेल म्हणून पाणी न पिणं ही बायकांची नेहमीची सवय, त्याने दुपारी डोकं धरतं. थांबे पेट्रोलपंपाचेच निवडा, तिथे बहुधा शौचालय असतं. अर्धी टाकी झाली की भरा. पूर्ण प्रवासाला एका बाजूने ९ ते १० लिटर पेट्रोल लागतं.

विदर्भाकडचा बराचसा रस्ता काळ्या जमिनीवरचा आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे डांबराला लाटा पडतात. सिमेंटच्या रस्त्याची कड साइडपट्टीपेक्षा वीतभर उंच असू शकते. समोरून ट्रक अंगावर आला आणि तुम्ही खाली उतरलात, तर लगेच तिरपं करून वर चढायला जाऊ नका, पुढचं चाक कडेला घासून गाडी पडते. आधी वेग पायी चालण्याइतका कमी करा, मग चाक कडेशी जास्तीत जास्त काटकोनात आणून वर घ्या.

जालन्यापासून पुढे रस्ता चौपदरी होतो. माणूस सैलावतो, आणि तिथेच ढाब्यासमोर उलट्या बाजूने येणारी दुचाकी, दुभाजकाच्या फटीतून अचानक निघणारी जीप भेटते. डावीकडच्या पट्ट्यात राहा, पण कडेला चिकटून नाही, साधारण एक मीटर आत. अहिल्यानगरच्या अलीकडे इमामपूर घाट लागतो. छोटाच आहे, पण उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायची हौस करू नका. तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा, ब्रेक अधूनमधून दाबा. सतत दाबून ठेवलेला ड्रम तापतो आणि पकड सोडतो.

मागे बसणारीसोबत खुणा ठरवा: खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. हेल्मेटमध्ये बोललेलं ऐकू येत नाही आणि ऐकायला मान वळवली की गाडीही वळते.

घरच्यांना दर थांब्यावर एक मिस कॉल पुरे. व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन आठ तासांपर्यंत देता येतं, पण बॅटरी खातं, पॉवर बँक ठेवा. रोख रक्कम दोन ठिकाणी, सुट्या नोटांत. यूपीआय नेमकं पंक्चरवाल्याकडेच अडकतं. अपघाताला रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३.

औषधं आणि कुणी जाऊ नये

बीपी-शुगरच्या गोळ्या सामानात नाही, अंगावरच्या खिशात. शुगरची गोळी घेऊन जेवण लांबलं की हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून खिशात साखर किंवा गूळ हवा. इन्सुलिन उन्हात तापलेल्या डिक्कीत ठेवू नका. ज्यांना शुगर अचानक उतरण्याचा त्रास आहे, मोतीबिंदू पिकलाय, चक्कर येते, किंवा पाठीचं ऑपरेशन झालंय, त्यांनी रेल्वेनेच जावं.

मुक्काम

बसस्टँडजवळच्या लॉजवर जायचं तर आधी गाडी कुठे लागेल ते विचारा, खोलीचं भाडं नंतर. गाडी आत लागत नसेल तर पुढचा लॉज बघा. आधारकार्ड दोघांचंही लागतं. सामान खोलीत घ्या, हवा आणि नट बघा. चेन गार झाल्यावर फडक्याने पुसून आतल्या बाजूने ९० नंबरचं ऑइल लावा. गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं, पण त्यात धातूचा चुरा असतो, तो चेन खातो. चेनला दर ५०० किलोमीटरला ऑइल हवं, म्हणजे या प्रवासात एकदा जाताना, एकदा येताना.

पुण्यात शिरताना

चाकण, तळेगाव, मोशीकडे मूल राहत असेल तर पुण्यात शिरायची गरज नाही, शिक्रापूरहून चाकणचा फाटा घ्या. त्या रस्त्यावर कंटेनर फार असतात, दिवसाच जा. शहराच्या आत जायचं असेल तर मुलाला वाघोलीला बोलवा. तो त्याच्या गाडीवर पुढे, तुम्ही मागे. शहरातले एकेरी रस्ते आणि उड्डाणपूल नवख्याला एका चुकीला चार किलोमीटर फिरवतात.

पत्त्यासोबत विंग, फ्लॅट नंबर आणि गेटचं नाव लिहून घ्या. सोसायटीच्या गेटवर फोनवरून मंजुरी येईपर्यंत सोडत नाहीत. पाहुण्याच्या गाडीला जागा कुठे, हे आधी विचारायला सांगा. मूल पीजीत किंवा वसतिगृहात राहत असेल तर तिथे आईबापाला रात्री राहू देतात का ते निघण्याआधीच बघा. मुलींच्या वसतिगृहात वडिलांना बहुधा खोलीपर्यंतही जाऊ देत नाहीत. तसं असेल तर जवळपासच्या लॉजची सोय तिनेच करून ठेवावी.

परत येणं जमणार नसेल तर

दोन दिवसांनी अंग मोडून गेलं असेल, किंवा पाऊस लागला, तर हट्ट धरू नका. पुण्याहून अकोला, बडनेरा, वर्धा, नागपूरकडे रेल्वेगाड्या जातात आणि मोटरसायकल रेल्वेने पाठवता येते. त्याच रेल्वेचं तुमचं तिकीट असेल तर लगेज म्हणून, नसेल तर पार्सल म्हणून. स्टेशनच्या पार्सल ऑफिसात आरसीची आणि ओळखपत्राची झेरॉक्स लागते. टाकी पूर्ण रिकामी करून द्यावी लागते, थोडंही पेट्रोल चालत नाही. आरसे काढून घ्या, बाहेरच्या पॅकिंगवाल्याकडून पोत्यात-गवतात बांधून घ्या आणि कार्डबोर्डच्या तुकड्यावर स्टेशनचं नाव आणि तुमचा मोबाइल नंबर ठळक लिहून दोन ठिकाणी बांधा. गाडी फक्त अशा स्टेशनला बुक करा जिथे रेल्वे पुरेसा वेळ थांबते, नाहीतर ती पुढच्या मोठ्या स्टेशनवर उतरते. गाडी सोडवायला जाताना अर्धा लिटर पेट्रोल, आरशांचा पाना आणि पावती सोबत ठेवा, आणि उशीर करू नका, मुदतीनंतर दर तासाला जागेचं भाडं लागत जातं.